सव्वाचारचं पाणी

१

मुलुंड पूर्वेच्या 'सहजीवन' सोसायटीत दुपारी सव्वाचारला पाणी यायचं. त्याआधी खालच्या पंपाची घरघर सुरू व्हायची, मग नळ दोनदा खोकायचे, आणि समोरच्या दारातून मालनताई परब अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी हाक घालायच्या, "उत्तरा गो, पाणी इला!" उत्तरा टिपणीस दुपारची झोप संपवून याच हाकेला उठायची. एकतीस वर्षांत तिनं दुपारचा गजर म्हणून कधी लावला नाही.

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि चोवीस बिऱ्हाडं चोवीस दिशांना पांगली. मालनताई बदलापूरला मुलीकडे, अनुपमाकडे गेल्या. टिपणीस नवरा-बायको भांडुपला चौदाव्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. दोन वर्षांत नवं घर मिळणार होतं. तीन होऊन गेली तरी सहजीवनच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि आत हिरव्या पाण्यानं भरलेला खड्डा.

भांडुपच्या घरात चोवीस तास पाणी होतं, लिफ्ट होती, वारा होता. उत्तराची दुपारची झोप मात्र गेली ती गेलीच. दोन वाजता आडवी व्हायची आणि छताकडे बघत पडून राहायची. तिची तक्रार काही नव्हती. एकदाच म्हणाली, "अहो, आपल्या घरी एक दुपार झोपायला मिळालं असतं ना, तर मग कुठंही राहिले असते."

श्यामसुंदर टिपणीस मेंटेनन्स इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. बिघाड समोर आला की हात चालवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. घर पाडायच्या आधी त्यांनी काही वस्तू सोडवून आणल्या होत्या: ओट्याचा कडाप्पा, खिडकीची जाळी, आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत उघडणारं सागवानी दार. त्या घेऊन ते कांजूरमार्गला यज्ञेश नावाच्या फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपात गेले आणि कन्याकुमारीच्या प्रवासासाठी आपल्या जुन्या बोलेरोमागे जोडायचा बारा फुटी ट्रेलर बांधून घेतला. आत पलंग, लहानसा ओटा, साठ लिटरची टाकी, एक नळ. सागवानी दार प्रवेशाला फार जड झालं असतं, म्हणून यज्ञेशनं ते मागच्या भिंतीतल्या कपाटाला लावलं. उघडलं की वीतभर खोलीच्या फळ्या, त्यांवर ताटंवाट्या.

अंधेरीहून मुलगा श्रेयस बघायला आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही कन्याकुमारीला चाललाय की घर फिरवायला?"

दाराच्या कडीवर उत्तरानं नुसता हात ठेवला, एखाद्या आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

२

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघाले. ट्रेलरला उत्तरा 'डबा' म्हणायची. डबा ओढणं सोपं नव्हतं. मागं घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवावं तर डबा उजवीकडे पळायचा. खोपोलीजवळच्या एका पेट्रोल पंपावर टिपणीसांनी तो असा अडकवला की तीन ट्रकवाल्यांनी मिळून सरळ करून दिला. उत्तरा हसून हसून बेजार झाली. तिला असं हसताना तीन वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या घाटाच्या अलीकडे एका ढाब्यामागच्या आंब्याखाली डबा लावला. जेवून उत्तरा आत जाऊन पडली. टिपणीस बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. अर्ध्या तासानं आत डोकावले, तर बाई गाढ झोपलेली. तोंड किंचित उघडं, हात उशीखाली, अगदी पूर्वीसारखी. ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले आणि बराच वेळ त्याच पानावर राहिले. डोळे भरून आले होते.

मग घरघर सुरू झाली.

ढाब्याचा पंप असेल, त्यांना वाटलं. पण आवाज डब्याच्या तळातून येत होता. हात लावला तर पत्रा थरथरत होता. थोड्या वेळानं आतला नळ खोकला. एकदा, पुन्हा एकदा. घड्याळात सव्वाचार झाले होते, आणि आत उत्तरा कूस बदलून उठून बसली होती.

"किती छान झोप लागली हो," ती म्हणाली.

टाकी सकाळी निम्मी होती. आता काठोकाठ भरली होती. ढाबेवाल्यानं भरली असणार म्हणून ते आभार मानायला गेले, तर तो म्हणाला, "आमचीच बोअर बंद हाय काल धरनं, साहेब. टँकर मागवलाय."

परत येऊन त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. त्याला पालिकेच्या औषधाचा वास होता, सहजीवनमधल्या नळाला यायचा तोच. टाकीच्या तळाचा वास असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण टाकी नवी कोरी होती, आणि ते त्यांना माहीत होतं.

३

खंबाटकीच्या घाटात गाडी दमली. रिकामा डबा आठशे साठ किलोचा होता. यज्ञेशनं काट्यावर घालून कागद दिला होता. भांडीकुंडी, कपडे, पाणी धरलं तरी हजाराच्या आत. बोलेरोला हे ओझं काहीच नव्हतं. तरी दुसऱ्या गिअरवर इंजिन कण्हत होतं, आणि मागून कुणीतरी पाय रोवून धरावं तसा ओढा लागत होता.

टिपणीसांनी वर पोहोचल्यावर चाकांना हात लावून पाहिलं. ब्रेक चिकटले असते तर चाकं तापली असती. चाकं गार होती.

पुढं कराडजवळ उसाच्या गाड्यांचा वजनकाटा दिसला. हिशेब मांडला की शंका जाते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी डबा काट्यावर नेला, गाडी सोडवून पुढे घेतली. उत्तरा खाली उतरून उसाचा रस प्यायला गेली होती. काट्यावरचा माणूस, प्रीतम, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल खोचलेला, खिडकीतून आकड्याकडे बघत राहिला.

"काका, आत मानसं हायत का?"

"नाही. का?"

"तेराशेच्या वर जातंय. आन् काटा थांबत न्हाई." त्यानं त्यांना आत बोलावून दाखवलं. लाल आकडे तेराशे दहा, तेराशे चाळीस, तेराशे वीस असे डोलत होते. "मालाचं वजन एका जाग्यावर थांबतं. ह्ये असं जनावरं भरलेल्या गाडीचं हुतं. आत हलत्यात ना ती."

टिपणीस गेले आणि डब्याचं दार उघडलं. पलंग, ओटा, दोन बॅगा. सागवानी दाराची कडी लावलेली. दुपारच्या उन्हात पडदा स्थिर लटकत होता. तरी त्यांना वाटलं, आपण दार उघडलं म्हणून आतलं कुणीतरी बोलायचं थांबलंय.

"काटा बिघडला असेल," ते बाहेर येऊन म्हणाले.

"आसंल," प्रीतम म्हणाला. पण मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर त्यानं काट्यावर घेतला तेव्हा आकडा गपकन थांबला. ते दोघांनीही पाहिलं.

४

कोल्हापूरच्या पुढे उत्तरा बदलली. वाईट नाही, उलट चांगलीच बदलली. गुणगुणायची, केस नीट विंचरायची. फक्त सकाळपासून तिचं लक्ष घड्याळाकडे असायचं. जेवण दीडलाच उरकायची. गडहिंग्लजजवळचा किल्ला पाहू या म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी पडते जरा."

एका संध्याकाळी टिपणीसांना ओट्यावरच्या भांड्यांत एक वाटी दिसली. कडेला नाव कोरलेलं: 'मालन वि. परब'. तळाला सोलकढीचा गुलाबी ओघळ. सहजीवनमध्ये एकमेकींच्या वाट्या इकडून तिकडे जायच्याच, सामानात आली असेल एखादी. पण ओघळ ओला होता.

"ही कुठून आली गं?"

"मालनताईंकडून," उत्तरा सहज म्हणाली. मग थबकली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. वाटी घेऊन धुवायला लागली.

टिपणीस लांब जाऊन एका बांधावर उभे राहिले आणि बदलापूरला फोन लावला. अनुपमानं उचलला.

"आई बरी आहे का गं?"

"बरी म्हणजे काय काका, तब्येतीला काही नाही. पण हल्ली दुपारी झोपली की उठतच नाही लवकर. सहा वाजतात. हलवलं तरी जाग येत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं." ती थोडी थांबली. "झोपेत बडबडते. उत्तरामावशीला हाका मारते. आणि काका, हसू नका हं, काल झोपेतच म्हणाली, 'वाटी परत हाड गो,' आणून दे म्हणे."

"हं," टिपणीस म्हणाले.

वाऱ्यावर ज्वारी सळसळत होती. ते इंजिनियर माणूस. दोन बायका एकाच घरासाठी झुरतात, एकसारखी स्वप्नं पडत असतील, हे त्यांनी समजून घेतलं. वाटीचं तेवढं समजून घेता येईना.

५

आंबोलीला पोहोचले त्या दिवशी उत्तरा दीडला झोपली. सव्वाचार वाजले. पंप घरघरला, नळ खोकला, पण ती उठली नाही. पाच वाजता त्यांनी हाक मारली. साडेपाचला खांदा धरून हलवलं. श्वास संथ चालू होता, चेहऱ्यावर हसू होतं, नाडी ठीक होती. डोळ्यांवर पाणी मारलं तर ते गालांवरून निथळून गेलं. पापणी हलली नाही.

मोठा दवाखाना खाली सावंतवाडीला. मधे अख्खा घाट. झोपलेल्या बाईला एकट्यानं उचलून गाडीत घालणं त्यांच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि गावाबाहेरच्या त्या जागी आसपास कुणी नव्हतं. ट्रेलरमध्ये माणूस ठेवून गाडी चालवू नये, हा नियम त्यांनी स्वतःच उत्तराला दहा वेळा सांगितला होता. तो मोडला. तिला चादरीनं पलंगाला बांधून, उशा लावून ते निघाले.

चढावर जो डबा मागं खेचायचा तो उतारावर पुढं लोटू लागला. पहिला गिअर, ब्रेकवर पाय, तरी गाडी ढकलली जात होती. एका वळणावर मागचा भाग असा झोलला की कठडा हातभर अंतरावर आला. जळक्या रबराचा वास सुटला. आणि त्या सगळ्या आवाजात त्यांना मागून, पत्र्याच्या पलीकडून, बादल्यांचा आवाज ऐकू आला. घागरी, हंडे, भरली जाणारी पिंपं. बायकांचं बोलणं. एक पोर खिदळलं.

धबधब्याजवळच्या रुंद जागेत त्यांनी कशीबशी गाडी उभी केली. धबधबा कोरडा होता. सूर्य दरीपलीकडे टेकत होता. चाकांमागं दगड लावून ते धावत मागं गेले आणि डब्याचं दार उघडलं.

पलंग रिकामा होता. चादर सोडलेली, घडी घातलेली.

मागचं सागवानी दार उघडं होतं.

त्याच्यापलीकडे फळ्या नव्हत्या. दुपारचं, चार वाजताचं, पिवळं ऊन होतं. गॅलरीच्या कठड्यावर मालनताईंचं हिरवं लुगडं वाळत होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. ओल्या सिमेंटचा वास आला. तो वास आपल्याला इतका हवा होता हे टिपणीसांना ठाऊकच नव्हतं. उत्तरा पाठमोरी उभी होती, कमरेवर भरलेली कळशी. तिच्या पलीकडे वेताच्या खुर्चीत बनियन घातलेला एक माणूस पेपर वाचत होता. त्याचीही पाठच दिसत होती. केस काळे, मानेवर तीळ.

"उत्तरा," टिपणीस म्हणाले.

खुर्चीतल्या माणसानं पान उलटलं. "कोण आहे गं दारात?" त्यानं विचारलं. आवाज टिपणीसांचाच होता. आताचा नव्हे, जिना चढताना दम लागत नसे तेव्हाचा.

उत्तरा वळली. तिनं टिपणीसांकडे सरळ पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

"कुणी नाही हो," ती म्हणाली, आणि हात लांबवून दार लावून घेतलं.

ते झेपावले आणि कडी ओढली. ताटं खणखणत अंगावर आली. वीतभर खोलीच्या फळ्या, त्यांमागं पत्रा. मागून आवाज आला, "घाट उतरलो का हो?" उत्तरा पलंगावर होती, चादरीनं बांधलेली, डोळे उघडे.

६

सावंतवाडीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तळ्याच्या काठावर बसली होती. रात्रभर टिपणीस जागे होते. डब्यात नव्हे, लॉजवर.

"मी पाहिलं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तिथं मी होतो."

"तिथं सगळेच असतात," उत्तरा म्हणाली. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "पहिल्या दिवशी नुसते आवाज होते. मग मालनताई. मग गॅलरी. तुम्ही गेल्या चार-पाच दिवसांत दिसायला लागलात. तेव्हाचे तुम्ही. चहा मागता, पेपर वाचता. मी भांडुपबद्दल काही बोलले तर हसता फक्त. त्यांना त्यातलं काही ठाऊकच नाही. घर सुटलं हेच ठाऊक नाही."

एक गोष्ट रात्रभर टिपणीसांना सलत होती. ती बाहेर काढायला त्यांना लाज वाटत होती. शेवटी म्हणाले, "मी दारात उभा होतो. तू मला ओळखलंस. तरी कुणी नाही म्हणालीस."

उत्तरानं त्यांच्याकडे पाहिलं.

"मग काय सांगायला हवं होतं? तुम्ही आलाय असं सांगितलं असतं, तर ते उठून आले असते."

"आले असते तर?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण मला ते नको होतं. तेवढं कळलं मला." मग अगदी हळू, "घरी जाऊ या. भांडुपला. मी पुढं बसेन, तुमच्याशेजारी."

७

महामार्गानं दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी सव्वाचारला उत्तरानं कानात बोटं घातली आणि मोठमोठ्यानं रस्त्यावरच्या पाट्या वाचत राहिली. टिपणीस न थांबता चालवत राहिले. डबा जड होता, पण उतारावर त्यांनी तो सांभाळला. कसा सांभाळायचा ते आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या आसपास ट्रकांच्या रांगेत अडकले असताना मागून हाक आली. दोन्ही काचा वर होत्या, तरी स्वच्छ ऐकू आली.

"उत्तरा गो, पाणी इला!"

उत्तराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिचा हात दाराच्या हँडलवर गेला.

"थांबू का?" टिपणीसांनी विचारलं. थांबा म्हणाली असती तर ते थांबले असते. त्यांनाही ते ऊन पुन्हा पाहायचं होतं, त्या गॅलरीत एकदा उभं राहायचं होतं. इतकं, की ब्रेकवरचा पाय दुखत होता.

"नको," ती म्हणाली. "चालवा."

हाक आणखी दोनदा आली. तिसऱ्या हाकेत राग नव्हता, काळजी होती. दार का उघडत नाही म्हणून शेजारणीला वाटते तशी.

ऐरोलीचा पूल उतरला. पुढं सिग्नल. उजवीकडे मुलुंड, डावीकडे भांडुप. लाल दिव्यापाशी गाडी उभी होती तेव्हा डबा हलला. एकदा, पुन्हा, पुन्हा. बसमधून माणसं उतरताना बस हलते तसा. उत्तरा मोजत असावी, तिचे ओठ हलत होते. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. हिरवा झाला, टिपणीसांनी क्लच सोडला आणि बोलेरो एकदम हलकी होऊन पुढं उसळली.

"गेले," उत्तरा म्हणाली. "इथून जवळ आहे त्यांना."

"सगळे?"

अचानक तिनं गिअरवरचा त्यांचा हात घट्ट धरला. नखं रुतली.

"अहो, भांडुपला राहायला गेलो त्या पहिल्या दिवशी आपण काय जेवलो?"

"आता हे काय?"

"सांगा ना."

ती का विचारतेय ते त्यांना कळलं. खुर्चीतल्या त्या माणसाला भांडुप ठाऊक नव्हतं. "जेवलो कुठं," ते म्हणाले. "गॅस जोडला नव्हता. तू दहीपोहे कालवलेस. मिठाचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते सापडेना. खोक्यावर ताट ठेवून आपण अळणी दहीपोहे खाल्ले, आणि तू म्हणालीस, इथं मीठ मागायचं तरी कुणाकडे?"

तिची पकड सैल झाली. डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवून ती रडू लागली, मोठ्यानं, तीन वर्षांचं साठलेलं. त्यांनी तिला रडू दिलं. कांजूरच्या कचऱ्याचा वास काचेच्या फटीतून आत येत होता आणि त्यांना तोही बरा वाटला.

नाहूरच्या पुढं रस्ता किंचित चढतो. टिपणीसांनी गिअर खाली घेतला. गाडी हलकीच होती. फक्त मागं अगदी थोडा, एका माणसाएवढा, ओढा राहिला होता, आणि पेपरचं पान उलटल्यासारखा आवाज.

ते त्यांनी उत्तराला सांगितलं नाही.